छोट्या पक्षांनी एकत्र येऊन द्विपक्षीय व्यवस्थेला आव्हान द्यावे का?

प्रश्न : काठावरचा मतदार

ज्या देशांत दोनच मोठे पक्ष आळीपाळीने सत्तेवर येतात, तेथील छोट्या पक्षांची अवस्था पिढ्यानपिढ्या सारखीच राहिलेली दिसते. ते प्रत्येक निवडणुकीत उमेदवार उभे करतात, दोन-तीन टक्के मते मिळवतात आणि निकालानंतर पराभूत झालेल्या मोठ्या पक्षाकडून ‘आमची मते खाल्ली’ हा ठपका स्वीकारतात. अमेरिकेत 1992 च्या अध्यक्षीय निवडणुकीत रॉस पेरो यांनी स्वतंत्र उमेदवार म्हणून 18.9 टक्के मते मिळवली आणि तरीही अध्यक्षाची अंतिम निवड करणाऱ्या निर्वाचक मंडळातील एकही मत त्यांच्या वाट्याला आले नाही. 2000 साली ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना फ्लोरिडात 97,488 मते मिळाली आणि त्या राज्याचा, आणि पर्यायाने अध्यक्षपदाचा, निकाल अवघ्या 537 मतांनी लागला. त्यानंतरची अनेक वर्षे त्या पक्षाची ओळख एवढ्या एकाच आकड्यापुरती उरली. (537 पेक्षा अधिक मते मिळवलेले इतरही छोटे उमेदवार त्या राज्यात होते, त्यांना मात्र कोणी जाब विचारला नाही.)

हे सर्व पक्ष स्वतंत्रपणे हरणारच असतील, तर त्यांनी एकाच चिन्हाखाली का लढू नये, असे मला वाटते. कोणाकडे चार टक्के आहेत, कोणाकडे तीन, कोणाकडे पाच. बेरीज केली तर निदान दखल घ्यावी लागेल एवढे बळ तयार होते. माझे दोन प्रश्न आहेत. अशी एकजूट प्रत्यक्षात उपयोगी पडल्याचे इतिहासात दिसते का? आणि ती करायचीच असेल, तर पूर्ण विलीनीकरण करावे, की आपापली ओळख राखून आघाडी करावी? अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर 1 : गणकयंत्र

आपल्या प्रश्नातील बेरीज हाच त्यातला सर्वांत कच्चा दुवा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. पक्षांची बेरीज करता येते. त्यांच्या मतदारांची होतेच असे नाही.

स्पेनचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे, कारण तेथे ‘आधी वेगळे, मग एकत्र’ हा प्रयोग सहा महिन्यांच्या अंतराने झाला. डिसेंबर 2015 च्या निवडणुकीत पोदेमोस हा नवा डावा पक्ष आणि त्याचे सहकारी पक्ष यांना 69 जागा मिळाल्या आणि जुन्या डाव्यांची संयुक्त डावी आघाडी दोन जागांवर थांबली. दोघांची मिळून एकंदर मते साठ लाखांच्या वर होती. सरकार बनू न शकल्याने जून 2016 मध्ये पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा हे दोघे एकत्र लढले. अंदाज असा होता की ते समाजवादी पक्षाला मागे टाकून दुसऱ्या क्रमांकावर जातील. प्रत्यक्षात त्यांना 71 च जागा मिळाल्या, म्हणजे पूर्वी वेगवेगळे लढून मिळालेल्या जागांची बेरीज जेवढी होती तेवढ्याच, आणि दहा लाखांहून अधिक मते कमी झाली. जुन्या डाव्यांपैकी काहींना नवा पक्ष उथळ वाटत होता आणि नव्या पक्षाच्या काही मतदारांना जुना डावा शिक्का नको होता. दोन्हीकडचे काही लोक या एकजुटीमुळेच दूर गेले, असे मानायला जागा आहे.

यामागचे तत्त्व समजून घेतले पाहिजे. फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हेर्जे यांनी 1950 च्या दशकात मांडले, की एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी आणि सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, अशी पद्धत असेल तर ती दोन पक्षांकडे झुकते. याची कारणे दोन आहेत. पहिले यांत्रिक आहे : तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला मतांच्या मानाने फार थोड्या जागा मिळतात. दुसरे मानसिक आहे : हे ओळखून मतदारच आपले मत वाया जाऊ नये म्हणून दोन मोठ्यांपैकी कमी नकोशा पक्षाकडे वळतो. एकजुटीने दुसऱ्या कारणाची धार थोडी बोथट होते. पहिले मात्र तसेच राहते.

ब्रिटनमधील 1983 ची निवडणूक पाहा. लिबरल आणि सोशल डेमोक्रॅटिक हे दोन पक्ष व्यवस्थित जागावाटप करून एकत्र लढले. त्यांना 25.4 टक्के मते मिळाली, तर मजूर पक्षाला 27.6 टक्के. जागा मात्र त्यांना 23 आणि मजूर पक्षाला 209! दोन टक्क्यांच्या फरकाने जागांमध्ये नऊपट अंतर पडले, कारण आघाडीची मते देशभर सारखी पसरलेली होती आणि मजूर पक्षाची मते औद्योगिक पट्ट्यांत एकवटलेली होती. दहा वर्षांनी, 1993 साली, कॅनडात याचीच दुसरी बाजू दिसली. केवळ क्वेबेक प्रांतात लढलेल्या ब्लॉक क्वेबेक्वा पक्षाला देशभरातील 13.5 टक्के मतांवर 54 जागा मिळाल्या आणि त्याहून अधिक, म्हणजे 16 टक्के मते मिळवूनही प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह हा उजवा पक्ष दोन जागांवर आला.

तेव्हा देशव्यापी एकजुटीपेक्षा निवडक मतदारसंघांत ताकद एकवटणे या पद्धतीत अधिक फळ देते. चार पक्षांनी एकत्र येऊन सर्वत्र बारा टक्के मिळवण्यापेक्षा त्यांतील प्रत्येकाने आपल्या हक्काच्या दहा जागांवर पस्तीस टक्के मिळवावेत आणि इतरांनी तेथे उमेदवार देऊ नये, हे माझ्या मते अधिक शहाणपणाचे आहे.

उत्तर 2 : तिसरी रांग

गणकयंत्र यांची आकडेमोड निर्दोष आहे, पण तीतून निघणारा निष्कर्ष अतिसावध वाटतो. द्विपक्षीय व्यवस्थेतील एक पक्ष मोडून त्याच्या जागी नवा पक्ष उभा राहिल्याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतच आहे आणि ते एकजुटीचेच आहे. 1854 साली कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करून दिली. त्याला विरोध करणारे फ्री सॉइल पक्षाचे लोक, तेव्हाच्या दोन मोठ्या पक्षांपैकी फुटलेल्या व्हिग पक्षातील एक गट आणि नाराज डेमोक्रॅट एकत्र आले, तेव्हा रिपब्लिकन पक्ष जन्मला. 1856 मध्ये त्यांचा उमेदवार हरला, तरी अकरा राज्ये जिंकून गेला. 1860 मध्ये अब्राहम लिंकन निवडून आले. सहा वर्षांत एवढी मजल मारणाऱ्यांना कोणीतरी नक्कीच सांगितले असेल, की तुमची बेरीज होणार नाही.

कॅनडातील ज्या पराभूत पक्षाचा उल्लेख वर आला आहे, त्याचीही पुढची गोष्ट सांगायला हवी. उजवी मते विभागल्यामुळे लिबरल पक्ष लागोपाठ तीन निवडणुका जिंकला. 2003 साली तो पक्ष आणि दुसरा एक उजवा पक्ष यांचे विलीनीकरण झाले आणि 2006 साली नवा पक्ष सत्तेवर आला. विलीनीकरण झाले नसते, तर ते आणखी किती वर्षे एकमेकांना पाडत बसले असते, याचाही विचार करावा.

उत्तर 3 : गणकयंत्र

तिसरी रांग यांनी दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत. फक्त त्यांतील परिस्थितीही पुढे ठेवतो. 1854 मध्ये व्हिग पक्ष आतून कोसळत होता, म्हणजे दोनपैकी एक जागा रिकामी होत होती. 1860 मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष उत्तर-दक्षिण असा फुटून त्याचे दोन उमेदवार उभे होते, आणि लिंकन 40 टक्क्यांहूनही थोड्या कमी मतांवर निवडून आले. छोट्यांची एकजूट मोठ्यांच्या फुटीशी जुळून आली, तर चमत्कार घडतो. दोन्ही मोठे पक्ष शाबूत असताना तो घडल्याचे उदाहरण मला आठवत नाही.

कॅनडात 2000 साली त्या दोन पक्षांना वेगवेगळी मिळून सुमारे 37.7 टक्के मते होती. विलीनीकरणानंतर 2004 च्या पहिल्याच निवडणुकीत एकत्रित पक्षाला 29.6 टक्के मिळाली. सत्ता आली ती त्यानंतरच्या निवडणुकीत, आणि त्यात सत्ताधाऱ्यांच्या जाहिरात घोटाळ्याचा वाटा मोठा होता.

उत्तर 4 : जुने कागद

येथपर्यंतची चर्चा निवडणूक जिंकण्याभोवती फिरते आहे. माझ्या मते छोट्या पक्षांनी एकत्र यावे ते निवडणुकीचे नियम बदलण्यासाठी, आणि तेवढ्यापुरतेच. या दृष्टीने न्यूझीलंडचा इतिहास सर्वांत उपयुक्त आहे, म्हणून तो जरा विस्ताराने मांडतो.

तेथे नॅशनल आणि लेबर हे दोन पक्ष दीर्घकाळ आलटून-पालटून राज्य करत होते. 1978 आणि 1981 या लागोपाठच्या दोन निवडणुकांत लेबर पक्षाला अधिक मते आणि नॅशनल पक्षाला अधिक जागा, असा उलटा निकाल लागला. 1981 मध्ये सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला 20.7 टक्के मते आणि केवळ दोन जागा मिळाल्या. म्हणजे या पद्धतीचा फटका एका मोठ्या पक्षालाही बसला होता, आणि माझ्या समजुतीप्रमाणे पुढच्या सर्व घडामोडींची किल्ली येथेच आहे. लेबर सरकारने नेमलेल्या शाही आयोगाने 1986 साली प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची (मतांच्या प्रमाणात जागा देणारी), म्हणजे एक मत उमेदवाराला आणि एक पक्षाला देण्याची, मिश्र पद्धत सुचवली. दोन्ही मोठ्या पक्षांतील अनेकांना ती नको होती. परंतु सार्वमताची आश्वासने देऊन झालेली होती आणि जनता दोघांवरही रागावलेली होती. 1992 च्या सल्लागार सार्वमतात 84.7 टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिले आणि 1993 च्या बंधनकारक सार्वमतात नवी पद्धत 53.9 टक्क्यांनी मंजूर झाली.

आता एकजुटीचा भाग. 1991 साली न्यूलेबर, डेमोक्रॅट (म्हणजे पूर्वीचा सोशल क्रेडिट), माओरींचा माना मोतुहाके आणि ग्रीन या पक्षांनी मिळून ‘अलायन्स’ ही आघाडी उभारली. नंतर आणखी एक छोटा पक्ष त्यात आला. 1993 मध्ये जुन्याच पद्धतीने झालेल्या शेवटच्या निवडणुकीत या आघाडीला 18.2 टक्के मते मिळाली आणि जागा पुन्हा दोनच. आघाडीमुळे जागा वाढल्या नाहीत. परंतु एवढ्या मतदारांचा आवाज संसदेत पोहोचत नाही, हे मतदानाच्या त्याच दिवशी देशासमोर मांडले गेले, कारण सार्वमतही त्याच दिवशी होते.

नवी पद्धत आल्यावर मात्र एकत्र राहण्याचे कारणच संपले. 1996 मध्ये अलायन्सला 13 जागा मिळाल्या. ग्रीन पक्ष 1997 मध्ये वेगळे होण्याचे ठरवून बाहेर पडला आणि 1999 मध्ये पक्षमतांवर जागा मिळण्यासाठीचा पाच टक्क्यांचा उंबरठा जेमतेम ओलांडून स्वबळावर सात जागा घेऊन आला. 2002 पर्यंत अलायन्स सत्तेतील सहभागावरून फुटली आणि तिची एकही जागा उरली नाही. काही लोक याला अपयश म्हणतात. मी म्हणत नाही. नियम बदलल्यावर ती आघाडी विरघळणे स्वाभाविकच होते.

याउलट ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाने 2010 मध्ये सत्तेत कनिष्ठ भागीदार होऊन मतदानपद्धतीवर सार्वमत पदरात पाडून घेतले, तेही प्रमाणशीर पद्धतीवर नव्हे, तर पसंतीक्रमाच्या (उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देण्याच्या) पर्यायी मतावर. 2011 च्या त्या सार्वमतात 67.9 टक्के लोकांनी नकार दिला आणि 2015 मध्ये पक्ष 57 जागांवरून आठवर आला. सुधारणेची मागणी सरकारच्या नावडत्या निर्णयांना बांधली गेली, की ती त्यांच्यासह बुडते.

आणखी एक नोंद. ऑस्ट्रेलियात 1918 च्या स्वॉन पोटनिवडणुकीत बिगर-मजूर मते विभागली गेली आणि मजूर पक्षाचा उमेदवार सुमारे 34 टक्के मतांवर जिंकला. त्याच वर्षी तेथील बिगर-मजूर सरकारने पसंतीक्रमाचे मतदान आणले, कारण फाटाफुटीचे नुकसान आता त्याचे स्वतःचे होत होते. मोठे पक्ष नियम बदलतात ते बहुधा अशाच वेळी.

उत्तर 5 : मतपेटी

एकजुटीत एक धोका असतो, त्याकडे अद्याप कोणी लक्ष वेधलेले नाही. छोट्यांनी एकमेकांशी हातमिळवणी करणे वेगळे आणि मोठ्याच्या पंखाखाली जाणे वेगळे. अमेरिकेतील पॉप्युलिस्ट पक्षाने 1892 मध्ये साडेआठ टक्के मते आणि निर्वाचक मंडळातील 22 मते मिळवली होती. 1896 मध्ये त्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्याच उमेदवाराला, विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना, आपला उमेदवार मानले. मागण्यांपैकी चांदीच्या नाण्यांची मागणी मोठ्या पक्षाने उचलली, उमेदवार हरला आणि पॉप्युलिस्ट पक्ष त्यानंतर पुन्हा उभा राहिला नाही.

पण याच मार्गाने वर आलेला पक्षही आहे. ब्रिटनमध्ये 1903 साली लिबरल पक्षाने मजूर प्रतिनिधित्व समितीशी गुप्त समझोता करून काही मतदारसंघ तिच्यासाठी मोकळे सोडले. 1906 मध्ये समितीचे 29 सदस्य निवडून आले, त्यांनी मजूर पक्ष असे नाव घेतले आणि वीस वर्षांच्या आत लिबरल पक्षाला तिसऱ्या क्रमांकावर ढकलले. फरक कशात होता? मजूर गटाने मोकळ्या मिळालेल्या जागांवर स्वतःचे उमेदवार, स्वतःचा निधी आणि कामगार संघटनांचे स्वतःचे जाळे वापरले. पॉप्युलिस्टांनी स्वतःचा उमेदवारच सोडून दिला.

पैशाबद्दलही थोडे. अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीत पाच टक्के मते मिळवलेल्या पक्षाला पुढच्या वेळी सरकारी निधीचा हक्क मिळतो. रॉस पेरो यांनी स्थापन केलेल्या रिफॉर्म पक्षाला 1996 च्या मतांच्या जोरावर 2000 साली सुमारे 1 कोटी 26 लाख डॉलर मिळणार होते. त्या निधीमुळे बाहेरचे लोक उमेदवारीसाठी आले, पक्षाची दोन प्रतिस्पर्धी अधिवेशने भरली आणि शेवटी त्याच्या उमेदवाराला अर्धा टक्काही मते मिळाली नाहीत. एकत्र येणाऱ्या पक्षांनी निधी आणि चिन्ह कोणाच्या ताब्यात राहील, हे कार्यक्रमाच्या आधी ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काठावरचा मतदार (मूळ प्रश्नकर्ते)

सर्वांचे आभार. जुने कागद यांच्या उत्तराने माझा पहिला प्रश्न बराचसा सुटला. एक शंका उरते. अमेरिकेतील लिबर्टेरियन पक्षाला सरकार लहान हवे आणि ग्रीन पक्षाला उद्योगांवर अधिक नियंत्रण हवे; अशा परस्परविरोधी पक्षांनी एका व्यासपीठावर यावे तरी कसे? मतदाराला हा संधिसाधूपणा वाटणार नाही का?

उत्तर 6 : जुने कागद

संधिसाधूपणा वाटेल की नाही, हे मागणी किती स्पष्ट आहे यावर अवलंबून असते. आपल्याकडील संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते. त्यांचे आर्थिक विचार जुळत नव्हते आणि परस्परांविषयीचा अविश्वास लपलेलाही नव्हता. तरीही 1957 मध्ये त्यांनी पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का दिला, कारण मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य ही मागणी एका वाक्यात सांगता येत होती. 1 मे 1960 ला राज्य झाले आणि समिती विखुरली. उलट 1977 मध्ये चार पक्षांनी पूर्ण विलीन होऊन जनता पक्ष स्थापन केला, लोकसभा जिंकली आणि दोन-अडीच वर्षांत तो पक्ष नेतृत्वाच्या स्पर्धेवरून व पक्ष आणि रा. स्व. संघ अशा दुहेरी सदस्यत्वाच्या वादावरून फुटला. दोन्ही ठिकाणी लढत दोन पक्षांची नव्हती, एकाच प्रबळ पक्षाविरुद्ध होती, ही मर्यादा मान्य आहे. पण आघाडी आणि विलीनीकरण यांतील फरक त्यामुळे बदलत नाही.

आपण दिलेल्या उदाहरणातील दोन पक्षांनी कररचनेवर एकमत करण्याची गरजच नाही. पसंतीक्रमाचे किंवा प्रमाणशीर मतदान आणि मतपत्रिकेवर नाव येण्यासाठीच्या सह्यांच्या अटी शिथिल करणे, एवढ्या दोन मागण्यांवर त्यांचे हित एकच आहे. अमेरिकेतील काही राज्यांत नागरिकांना सह्या गोळा करून थेट सार्वमत घडवता येते. मेन राज्यात 2016 मध्ये पसंतीक्रमाचे मतदान याच वाटेने आले, अलास्कात 2020 मध्ये. मार्ग सोपा मुळीच नाही : 2024 मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, ओरेगॉन आणि नेव्हाडा या राज्यांतील मतदारांनी असे प्रस्ताव नाकारले. तरीही अध्यक्षपदाच्या उमेदवारावर खर्च होणारी शक्ती अशा एखाद्या राज्यात लावली, तर निदान जिंकण्याची शक्यता असलेली लढाई लढली जाईल.

उत्तर 7 : तिसरी रांग

एवढे मी मान्य करतो. मात्र नियमबदलासाठी सह्या गोळा करणारे कार्यकर्ते पक्षाकडे येतात ते पक्ष निवडणूक लढवतो म्हणूनच. उमेदवारच नसेल तर चार वर्षांनी सह्या मागायला दारोदार कोण जाणार? मजूर गटाला कामगार संघटना होत्या, पॉप्युलिस्टांकडे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था होत्या. आजच्या छोट्या पक्षांपैकी बहुतेकांच्या पाठीशी असे काहीच नाही. म्हणून जागावाटपाच्या करारात मी एक कलम आग्रहाने घालेन : ज्या मतदारसंघात एका पक्षाने माघार घेतली असेल, तेथे त्याच्या स्थानिक शाखेने मित्रपक्षाच्या उमेदवाराचे काम करायचे, पण सभासद नोंदणी स्वतःच्याच नावाने चालू ठेवायची. असे कलम नसेल, तर एका निवडणुकीनंतर माघार घेणाऱ्या पक्षाची ती शाखा बंद पडलेली असते.